इर्माचं ‘या’

पाणी आलं तेव्हा इर्मा माझ्या शेजारी उभी होती आणि दोन्ही हात वर करून ओरडत होती, “या! या! या!”

पलीकडच्या काठावर माझा मुलगा नितीन होता. त्याच्या खांद्यांवर माझी नात मनू, सहा वर्षांची. त्यांच्या मागे, जरा वर, इर्माचा नवरा क्लाऊस. जिथून आम्ही दोघी नुकत्याच कोरड्या पायांनी चालत आलो होतो, तिथून आता तांबडं पाणी चाललं होतं आणि त्यात गोटे एकमेकांवर आपटत होते. ट्रकमधून खडी ओततात तसा आवाज. आमच्या डोक्यावर स्वच्छ ऊन होतं. पाऊस मागे कुठेतरी डोंगरात पडला होता, आम्हांला त्याचा थेंबही दिसला नव्हता.

नितीनने काहीतरी विचारलं. इर्मा पुन्हा ओरडली, “या! या!” नितीनने तिच्याकडे बघितलं, मनूचे पाय घट्ट धरले आणि पाण्यात उतरला.

क्लाऊस मागून “नाइन! नाइन!” म्हणून ओरडत होता. माझ्या कानाला तो आकडा वाटला.

हे आधी सांगून टाकलं, कारण इर्माबद्दल बोलायला बसले की मन पहिलं तिथंच जातं. आता ती बाई कोण होती ते सांगते.

आम्ही शारजात राहायचो, अल नहदाच्या एका बिल्डिंगमध्ये, सहाव्या मजल्यावर. नितीन एका काँट्रॅक्टिंग कंपनीत इंजिनिअर. सून सुचेता शाळेत शिकवायची. मनूला सांभाळायला मला तासगावकडून आणलं होतं. मी चौथी पास. इंग्रजी येत नाही, हिंदी मोडकी. समोरच्या दारात हे जर्मन जोडपं. क्लाऊस हमरिया फ्री झोनमध्ये क्रेन भाड्याने देणाऱ्या कंपनीत होता. इर्मा घरी. घरी म्हणजे नावाला. घरात ती बाई मी कधी बसलेली पाहिली नाही.

पहिल्या संक्रांतीला मी तिळगूळ घेऊन तिचं दार वाजवलं. उंच, हडकुळी, केस पुरुषासारखे कापलेले, पायात घरातसुद्धा जाडे बूट. मी डबा पुढे केला आणि म्हटलं, “तिळगूळ. संक्रांत.”

ती म्हणाली, “या, या.”

मला बरं वाटलं. म्हटलं, परदेशी बाई, पण रीत शिकलीय. मी चपला काढल्या आणि आत गेले. सोफ्यापाशी उभी राहून विचारलं, “बैठू?”

“या,” ती म्हणाली.

मी बसले. ती उभीच. मी म्हटलं, “चाय नको हं.” ती म्हणाली, “या.” आता चहा नको म्हटल्यावर या काय म्हणते, हे मला कळेना. आतून क्लाऊस बनियनवर आला, मला बघून परत आत गेला आणि शर्ट घालून आला. तो बसला, ती उभीच, तिघं एकमेकांकडे बघत. मी काही बोलले की दोघंही म्हणायचे, या. मी म्हणायची, अहो आले की, अजून किती येऊ! शेवटी नितीन मला शोधत आला. त्याने सगळं ऐकलं आणि दाराच्या चौकटीला धरून हसत सुटला.

“आई, त्यांच्या भाषेत ‘या’ म्हणजे हो. ती नुसतं हो हो म्हणतेय.”

मग त्याने तिला इंग्रजीत सांगितलं की मराठीत या म्हणजे प्लीज कम, मोठ्या माणसाला मान देऊन बोलवताना म्हणतात. लहानाला नुसतं ये. इर्माने ते दोन-तीनदा म्हणून बघितलं. मग मांडीवर हात मारून म्हणाली, म्हणजे मी जन्मभर सगळ्या जगाला घरात बोलावतेय, आणि खरी आत आलेली ही पहिली बाई!

तेव्हापासून तिने तो शब्द उचलला. मी दार उघडलं की समोरून “आज्जी, या!” मनू मला आजी म्हणायची म्हणून तिला वाटलं माझं नावच आज्जी आहे. वयाने ती माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान असेल, पण मी काही दुरुस्त केलं नाही.

ती ज्या गावची होती तिथं नदीच्या दोन्ही बाजूंनी उभे डोंगर आणि डोंगरभर द्राक्षं. वाइनची. तिच्या बापाची बाग होती, तिने लहानपणी पाठीवर बादली बांधून घड खाली आणलेले. द्राक्षाच्या गावची बाई दारूबंदीच्या गावात राहायला आली होती. याबद्दल तिला विचारलं की म्हणायची, “इट्स ओके. आय डोंट मिस द वाइन. आय मिस द अप अँड डाउन.” चढउतार. शारजात चढ कुठून आणायचा? सगळं पोळपाटासारखं. म्हणून ती लिफ्ट वापरायचीच नाही. ऑगस्टात बाहेर भट्टी पेटलेली असते तेव्हा ती बिल्डिंगच्या जिन्यात चालायची. तळापासून गच्चीपर्यंत, परत खाली, परत वर. पायात बूट, हातात काठी, पाठीवर पिशवी. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, वजन म्हणून. आमचा मलबारी वॉचमन मला म्हणाला, “अम्मा, ये मॅडम का कुछ खो गया है क्या? रोज ढूँढता है.”

मी तिला द्राक्षं दाखवली ती मार्च महिन्यात. सुपरमार्केटमध्ये सांगलीकडची पेटी आली होती, वरती गाव छापलेलं. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. पेटी तिच्या टेबलावर नेऊन ठेवली आणि बोटाने छातीवर ठोकून सांगितलं, माझं गाव. तिने एक मणी तोंडात टाकला. चावला. तोंडात इकडून तिकडे फिरवला.

“वेअर इज द सीड?”

नितीन म्हणाला, “सीडलेस. एक्सपोर्ट क्वालिटी.”

“नो सीड, नो ग्रेप. शुगर वॉटर विथ स्किन.”

मला शब्द नाही कळले, पण नाकाचा शेंडा कळला. मी नितीनला म्हटलं, “तिला सांग, तुमच्याकडची द्राक्षं खायच्या लायकीची नसतात म्हणून तुम्ही पिळून पिता.”

“आई, असं कसं सांगू?”

मनूने सांगितलं. इंग्रजीत, एका दमात, माझ्यासारखा हात नाचवून. इर्मा हसून हसून भिंतीला टेकली. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात हजर, हातात कात्री. खाली चल म्हणाली, खुणेने.

बिल्डिंगच्या गेटला बोगनवेल होती, रानटी वाढलेली. आम्ही दोघींनी तिची छाटणी केली. एका बाजूने तिने, एका बाजूने मी. मी आमच्या रिवाजाने, डोळे, म्हणजे फूट येते त्या गाठी, मोजून काड्या ठेवल्या. तिने एकच लांब फांदी ठेवली, बाकी सगळं उडवलं, आणि ती फांदी वाकवून सुतळीने खालीच बांधली. बदामाच्या आकारासारखी. पत्त्यातला बदाम असतो ना, तसा. तिच्या गावात वेल असाच बांधतात म्हणे. वॉचमन धावत आला. “मॅडम, अम्मा, ये क्या किया! बॉस मेरा वीजा कॅन्सल करेगा!” महिन्याभराने दोन्ही बाजू फुलल्या. माझी बाजू जास्त फुलली. ती कबूल करायची नाही.

थंडी सुरू झाली की शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीला, ती आम्हांला डोंगरात न्यायची. रास अल खैमाच्या पुढे नुसते उघडे, करडे डोंगर आहेत आणि त्यांच्या मधून वादी. वादी म्हणजे कोरड्या नदीचं पात्र, गोट्यांनी भरलेलं. कुठे खजुराची बाग, कुठे डबकं, कुठे बकऱ्या. तिच्या भाषेत असं भटकायला ‘वांडर्न’ म्हणतात. ती “वांडर्न, वांडर्न” करत जिन्यावरून उतरायची, आणि मी विचारलं, ही वांदर कोणाला म्हणते? मनू म्हणाली, “आजी, शी इज नॉट कॉलिंग यू दॅट. इट्स जस्ट वॉकिंग.”

तिचे नियम होते. पुढे ती. शेवटी क्लाऊस. ही दोन माणसं कधी बदलायची नाहीत. तिच्या गावात बागांच्या वाटेवर फाटकं असतात, रानडुकरं येऊ नयेत म्हणून, आणि शेवटच्याने फाटक लावायचं असतं. वादीत कुठलं फाटक? पण शेवटी क्लाऊसच. वळणावर ती दगडावर खडूने पांढरी खूण करायची. खाताना ब्रेडचा जाड तुकडा, चीज, खारवलेली काकडी, संपलं. आमच्याकडे पोह्यांचा डबा, दशम्या, चटणी, थर्मास, सतरंजी. ती बघून म्हणायची, “यू कम टू वॉक ऑर टू मॅरी समबडी?” आणि मग दशम्या सगळ्यात जास्त तीच खायची.

मी साडीवर कॅनव्हासचे बूट घालून चालायची. मला काही हौस नव्हती. पण घरात बसून टीव्ही बघण्यापेक्षा बरं. ती मला म्हणायची, “सिटिंग इज नॉट गुड फॉर द हेड.” हे ती सगळ्यांना म्हणायची. डॉक्टरलाही म्हणाली होती.

आम्ही पांगलो, मनू बकऱ्यांमागे गेली, मी मागे राहिले, की ती पुढच्या वळणावर उभी राहून हात हलवायची आणि ओरडायची, “या! याऽ या!” डोंगरात आवाज घुमायचा. नितीनला ते फार आवडायचं. म्हणायचा, बघ आई, माझी विद्यार्थिनी.

मग मंदी आली. मला त्यातलं काय कळणार? अमेरिकेत बँका बुडाल्या म्हणत होते. मला दिसलं ते एवढंच, की आमच्या बाल्कनीसमोर एक टॉवर चढत होता, तो थांबला. वर क्रेन तशीच. संध्याकाळी क्लाऊस त्यांच्या बाल्कनीत उभा राहून तिच्याकडे बघायचा. त्याने नितीनला सांगितलं, काम बंद झालं की क्रेनचा ब्रेक सोडून ठेवतात, म्हणजे वारा येईल तशी ती फिरते आणि पडत नाही. म्हणून ती क्रेन दिवसभर फिरायची. सकाळी समुद्राकडे तोंड, दुपारी आमच्याकडे. माणूस कोणी नाही. मला ते बघवायचं नाही. मी बाल्कनीचा पडदा ओढून घ्यायची.

कचऱ्याच्या डब्यांशेजारी चांगले सोफे येऊन पडायला लागले. मनूच्या स्कूलबसमध्ये मुलं कमी झाली. खालचा किराणावाला प्रत्येकाला विचारायचा, “भाई, इधर ही हो ना?” जो तो म्हणायचा, इन्शाल्ला. आणि पुढच्या आठवड्यात दुसरं कोणीतरी सांगायचं, ते गेले, खलास.

क्लाऊसची नोकरी आधी गेली. त्याला फार फरक पडलेला दिसला नाही, त्यांचं परत जायचं ठरलंच होतं. नितीनची गेली फेब्रुवारीत. ऑफिसात बोलावून सांगितलं, वीस जणांना एकदम. व्हिसा रद्द झाला की महिन्याच्या आत देश सोडायचा. पुण्यात घर घ्यायचं ठरवलं होतं, ते राहिलं. माझा मुलगा दिवसभर हॉलमध्ये येरझाऱ्या घालायचा. दारापासून खिडकीपर्यंत, परत दारापर्यंत. रात्री झोप नाही, ताटात अन्न तसंच. सुचेता काही बोलली की म्हणायचा, “मी बघतोय ना.” काय बघतोय ते त्यालाही माहीत नव्हतं.

इर्माने हे समोरच्या दारातून पाहिलं. एक दिवस घंटा न वाजवता आत आली. नितीनचे बूट उचलून त्याच्या पुढ्यात टाकले.

“यू वॉक एनीवे. वॉक आउटसाइड.”

“इर्मा, प्लीज. आय हॅव टू थिंक.”

“थिंक विथ द लेग्ज. यल्ला.” यल्ला म्हणजे चल, तिथं सगळेच म्हणतात.

ती त्याला रोज न्यायला लागली. शुक्रवारचीही वाट बघायची नाही. पहाटे गाडी काढायची, दुपारपर्यंत परत. मी खोटं बोलणार नाही, त्याचा फायदा झाला. तो येऊन जेवायचा. एकदा तर भाकरी मागून घेतली. ती त्याला तिच्या गावचं सांगायची. तुला जर्मनीत काम मिळेल, भाषा शीक, तिकडे ये. सप्टेंबरात ये, तेव्हा द्राक्षं उतरवतात, बागांतून दिवसभर चालायचं, वाटेत झोपडीत बसून नवा, अर्धा आंबलेला रस प्यायचा. तो घरी येऊन हे सगळं मला सांगायचा. त्याच्या डोळ्यांत जरा काहीतरी यायचं. मी म्हणायची, आधी इथून तर नीट निघ.

मार्चात मंगळवारची तिकिटं निघाली. त्याआधीच्या शुक्रवारी नितीन म्हणाला, शेवटचं एकदा जाऊन येऊ. मनूला बकऱ्यांना बाय करायचं होतं. सुचेता सामान बांधायला घरी थांबली.

वादी नेहमीचीच होती. गाडी एका काठाला ठेवली, पात्र ओलांडून पलीकडे गेलो, बागेपर्यंत चाललो. परत येताना इर्मा थांबली आणि वर बघायला लागली. बकऱ्या खाली नव्हत्या. सगळ्या उंच कड्यावर चढून उभ्या होत्या. डबक्यातलं पाणी सकाळी नितळ होतं ते गढूळ झालं होतं. तिने माझा दंड धरला आणि मला जवळजवळ ओढतच पात्रातून पलीकडे नेलं, गाडीच्या बाजूला. मागे वळली तर नितीन मनूला बूट घालत होता. बुटात खडा गेला म्हणून तिने तो काढला होता. एवढाच उशीर.

मग तो आवाज आला आणि पाणी आलं. आधी घोट्याएवढंच होतं. नितीनने मनूला खांद्यावर घेतलं आणि ओरडून विचारलं. काय विचारलं ते मला पाण्यात ऐकू आलं नाही. क्लाऊसने नंतर सांगितलं. “शुड वी वेट हिअर?” असं विचारलं होतं. इथंच थांबू का?

इर्मा म्हणाली, हो. तिच्या भाषेत म्हणाली. घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेत बोलत नाही. हात वर केले ते थांब म्हणून. पण दोन वर्षं प्रत्येक वळणावर तिने हेच हात हलवून, हाच शब्द ओरडून आम्हांला बोलावलं होतं. आणि तो तिला शिकवला होता नितीननेच. मी तिच्या खांद्याला खांदा लावून उभी होते. मलासुद्धा ‘या’च ऐकू आलं, आमचं. क्लाऊसचं ‘नाइन’ म्हणजे ‘नाही’, हेही मला नंतर कळलं.

मधोमध गेल्यावर नितीनचा पाय निसटला. क्लाऊस त्याच्या मागोमाग पाण्यात शिरला होता. त्याने मनूची पाठीवरची पिशवी पकडली, पट्ट्याला धरून, आणि पोरीला छातीशी घेऊन बाभळीसारखं एक झाड होतं त्याला मिठी मारली. नितीन पाण्याबरोबर पुढे गेला. इर्मा काठाकाठाने त्याच्यामागे धावली, दगडांवरून पडत, उठत, काठी पुढे धरत. तिच्या तोंडून आता शब्द नव्हता, नुसता आवाज होता. ती वळणाआड गेली. मी उभीच राहिले. मला धावता येत नव्हतं. बागेतले दोन पठाण कामगार पिकअप आणि दोर घेऊन आले, त्यांनी क्लाऊसला आणि मनूला काढलं. मनूच्या एका पायात बूट होता.

नितीन संध्याकाळी सापडला. पोलिसांना.

आम्ही मंगळवारी गेलो नाही. कागदपत्रांना वेळ लागला. त्या दिवसांत घरात माणसांची रीघ होती, मराठी मंडळी डबे आणत होती. तिसऱ्या दिवशी इर्मा आली. दारातच उभी राहिली. दोन्ही गुडघे फुटलेले, हाताला बँडेज. सुचेता जमिनीवर बसली होती. तिने वर बघितलं आणि कोणी दारात आलं की आपण म्हणतो तसं, सवयीने, म्हणाली, “या.”

इर्माने चौकट धरली. तिचं तोंड पांढरं पडलं, खरोखर खडूसारखं. ती वळली आणि जिन्याने खाली गेली. तिचं घर समोर होतं, पण ती खाली गेली, मग वर गेली, परत खाली. तिच्या बुटांचा आवाज दुपारभर येत होता. घरात बसलेल्या एका बाईने विचारलं, कोण हो हे? मी म्हटलं, शेजारीण आहे, तिला बसवत नाही.

शेवटी मीच उठले. जिन्यात, चौथ्या मजल्यावर ती सापडली. मी तिला धरून पायरीवर बसवलं. ती पहिल्यांदा बसली माझ्या समोर. मला ‘तुझी चूक नाही’ असं इंग्रजीत म्हणता येत नव्हतं, आणि मराठीतही मला ते म्हणायचं होतं की नाही, माहीत नाही. मी तिच्या गुडघ्यावरची पट्टी नीट केली आणि आम्ही दोघी वर आलो.

लोक मला विचारतात, तिला माफ केलंत का? मला हा प्रश्न कळत नाही. तिने काय केलं होतं? मुलाने विचारलं, थांबू का, आणि ती हो म्हणाली. बरोबर उत्तर दिलं होतं तिने. राग मात्र मला होता. बरीच वर्षं होता. राग काही चूकबरोबर बघून येत नाही.

आम्ही सांगलीला आलो, ती दोघं त्यांच्या गावी गेली. दर संक्रांतीला तिचा फोन यायचा. “आज्जी, तिळगूळ.” मग मनूची चौकशी, सुचेताची चौकशी, मोडक्या इंग्रजीत, मनू मधे. एका फोनला माझ्या लक्षात आलं. मी काहीतरी विचारलं, तब्येत बरी का, आणि ती म्हणाली, “हो.”

मला वाटलं आपल्याला खूश करायला म्हणाली. पण मनू मोठी झाली, जर्मन शिकली, तिकडे कॉलेजला गेली, सुट्टीत इर्माकडे राहायला लागली, तेव्हा तिने सांगितलं, आजी, ती तिच्या भाषेतलं ‘या’ कधीच म्हणत नाही. बेकरीत, पोस्टात, कुठेच नाही. मान हलवते. नाहीतर ‘हो’ म्हणते. गावातल्या लोकांना वाटतं म्हातारीला काहीतरी झालंय. क्लाऊस मनूला म्हणाला होता, माझी बायको होकाराशिवाय जर्मन बोलते.

मागच्या सप्टेंबरात मनू मला घेऊन गेली. मी नको म्हणत होते. माझे गुडघे गेलेत. पण नितीनला जायचं होतं ते गाव एकदा बघावं म्हटलं.

डोंगर खरंच भिंतीसारखा उभा आहे. काळ्या पाटीच्या दगडांचा. आणि प्रत्येक खांबाला वेल बदामासारखा वाकवून बांधलेला, खालपासून माथ्यापर्यंत. बोगनवेल आठवली. पिकलेला मणी तोडून खाल्ला. बी होती, साल जाड, आंबट. इर्मा माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, “नो गुड.” तिला बरं वाटलेलं दिसलं. क्लाऊस आता चालत नाही, तो खाली घरात होता, त्याने आमच्यासाठी कांद्याचा केक करून ठेवला होता. तो अर्धा आंबलेला रसही मी चाखला. ताक जास्त दिवस राहिलं तर लागतं तसा.

इर्मा अजून चढते. वय दिसतं, पाठ वाकलीय, पण बूट तेच. मी पहिल्या बाकावरच बसले. ती आणि मनू पुढे गेल्या. नदीवरून धुकं वर येत होतं. वाटेत एक ओघळ आहे, पावसाचं पाणी उतरायला केलेला, त्या दिवशी कोरडा होता. इर्मा तो ओलांडून पलीकडे पोचली होती. मनू फोटो काढत मागे राहिली. तिने अलीकडून हाक मारून काहीतरी विचारलं. जर्मनमध्ये विचारलं, तरी मला कळलं, कारण तिचा बाप जसा उभा होता तशीच ती उभी होती, मान जराशी वर करून.

इर्माने तोंड उघडलं नाही. काठी दोन्ही हातांत आडवी धरली, छातीसमोर, फाटकासारखी. मनू जागच्या जागी थांबली. मग इर्मा सगळा चढ परत उतरली, ओघळात पाय ठेवून अलीकडे आली, मनूचा हात धरला आणि तिला घेऊन गेली. त्या ओघळात पाण्याचा थेंब नव्हता. मनूला एकविसावं लागलं होतं. तिने हात सोडवून घेतला नाही.

मग धुकं आलं आणि दोघी दिसेनाशा झाल्या. काठीचा दगडावरचा आवाज तेवढा येत होता.

वादीच्या पाण्यात तिघं उतरले होते. मनू वाचली. क्लाऊस वाचला.